सराटा घेऊन समुद्रावर

आमच्या घरात सुट्टीवर जायचं म्हणजे बिऱ्हाड हलवायचं. तीन दिवसांसाठी समुद्रावर निघालो होतो, पण जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगची सामानाची ट्रॉली लिफ्टमधून तीनदा खाली गेली तरी आईचं काहीतरी राहिलेलंच. प्रेशर कुकर, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं, कणकेचा डबा आणि सगळ्यात शेवटी कागदात गुंडाळलेला सराटा. सराटा म्हणजे पोळी उलटवायचं उलथणं. पण नागपूरच्या माणसासमोर उलथणं म्हणायची सोय नाही, आणि आई पक्की नागपूरची.

"आई, भाड्याच्या घरात सगळी भांडी असतात गं," मी पार्किंगमध्ये घामाघूम होऊन म्हटलं.

"असतात ना. नॉनस्टिकची. त्याच्यावर पोळी फुगते का? डिसेंबरात डोंगरात गेलो होतो तेव्हा पाहिलं ना."

"अगं, चिल. घेऊ दे की," नवरा म्हणाला. हे वाक्य तो लग्न झाल्यापासून प्रत्येक प्रसंगी म्हणतो आणि म्हणताना एकही पिशवी उचलत नाही. आमची मुलगी, वय बारा, कानांत इअरफोन घालून मागच्या सीटवर केव्हाच जाऊन बसली होती.

मला या तीन दिवसांत एकच काम करायचं होतं, आईकडून 'हो' म्हणवून घ्यायचं. बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून ती नागपूरच्या घरात एकटी. गेल्या ऑक्टोबरात ती बाथरूममध्ये पडली, आणि ही गोष्ट मला तिने नाही, शेजारच्या काकूंनी सांगितली, तीही पंधरा दिवसांनी. "सकाळभर पडून होत्या गं," काकू फोनवर म्हणाल्या. "दुपारी मी बेल वाजवली तेव्हा दार उघडलं त्यांनी. कोपर खरचटलेलं, डोळे सुजलेले. मला म्हणाल्या, कोणाला सांगू नका." त्यानंतर मी आईला इकडे आणली. सहा महिने होत आले, आणि आता पुढच्या शुक्रवारी तिचं परतीचं विमान होतं. मला ते तिकीट कॅन्सल करायचं होतं. तिने कायमचं इथे राहावं, कागदपत्रं मी करते, तिने फक्त हो म्हणावं. पण हा विषय काढला की तिला नेमकी कुकरची शिट्टी ऐकू यायची.

"समुद्रावर विचार," नवऱ्याने सल्ला दिला होता. "समुद्रासमोर माणूस नाही म्हणत नाही." पुण्यात वाढलेला माणूस. त्याची आणि समुद्राची ओळख शाळेच्या सहलीपुरती, पण आत्मविश्वास बघावा.

घर त्यानेच बुक केलं होतं. न्यू जर्सीच्या अगदी दक्षिणेला, डेलावेअर उपसागराच्या काठी. 'पायऱ्या उतरलं की बीच' असं जाहिरातीत लिहिलं होतं आणि ते शब्दशः खरं निघालं. पायऱ्या उतरलं की बीच होता. पण बीचच्या आधी एक दोरी होती आणि दोरीला पाटी लटकत होती, की मे महिन्याच्या सुरुवातीपासून जूनपर्यंत हा किनारा पक्ष्यांसाठी राखीव आहे, माणसांनी पाऊल ठेवू नये.

मी पाटी वाचली, मग नवऱ्याकडे बघितलं. तो दुर्बिणीची पिशवी उघडत होता. या सुट्टीसाठी त्याने हाताएवढी लांब दुर्बीण घेतली होती.

"तेवढं तर वेबसाइटवर लिहिलंय, डॅड," मुलगी म्हणाली. "इट्स लाइक, द फर्स्ट थिंग."

"पण व्ह्यू आहे ना," तो म्हणाला.

व्ह्यू होता, आणि वासही होता. समुद्राचा नाही, कुजक्याचा. किनाऱ्यावर जागोजागी काळपट-तपकिरी, कढईएवढे काहीतरी पालथे-उताणे पडले होते, त्यांना मागे लांब टोकदार दांडा. मुलीने फोनमधून माहिती पुरवली. हॉर्सशू क्रॅब. नाव खेकड्याचं, पण नातं विंचू-कोळ्यांशी. डायनासोरच्या आधीपासून पृथ्वीवर आहेत. मे-जूनच्या पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, भरतीच्या पाण्याबरोबर हजारोंनी काठावर येतात, वाळूत अंडी घालतात आणि परत जातात. काही लाटेने उलटे पडतात, त्यांना वळता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ते मरतात. ही अंडी खायला दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून पक्षी उडत येतात आणि पोट भरलं की पुढे उत्तर ध्रुवाकडे निघतात. दोरी त्या पक्ष्यांसाठी होती.

"म्हणजे ह्या उद्या येणार?" आईने विचारलं. "उद्या पौर्णिमा आहे."

उद्या पौर्णिमा आहे हे वाक्य त्या आठवड्यात मी बऱ्याचदा ऐकलं होतं, कारण उद्याची पौर्णिमा साधी नव्हती, बुद्धपौर्णिमा होती. आमच्या इकडच्या मंडळींनी रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. वंदना आईने घ्यायची होती, आणि खीर तिच्याच हातची हवी असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. इतकी वर्षं नागपूरच्या विहारात तिने पौर्णिमा चुकवली नाही. आणि इथे मी ऑफिसच्या लाँग वीकेंडकडे बघून या सुट्टीला हो म्हटलं, कॅलेंडरमधली तिथी बघितलीच नाही. आई यावर "चला, तुमची सुट्टी आहे," एवढंच म्हणाली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी मला मुलीने हलवून उठवलं.

"मॉम. आजी इज ऑन द बीच."

"हं."

"द क्लोज्ड बीच. विथ द पोळी थिंग."

मी चष्मा शोधत बाल्कनीत धावले. समोरचं दृश्य असं होतं: पांढरी साडी नेसलेली, पदर खोचलेली माझी आई दोरीच्या पलीकडे, ओल्या वाळूत वाकून उभी होती. तिच्या हातात सराटा होता. उताण्या पडलेल्या एका खेकड्याच्या कवचाखाली तिने तो अलगद सरकवला, दुसऱ्या हाताने कडेला आधार दिला आणि पोळी उलटावी तसा त्याला सुलटा केला. मग पुढच्याकडे वळली. मागे बाल्कनीच्या टेबलावर दोन फोटो मांडलेले, मेणबत्ती तेवत होती, आणि गॅसवर खिरीचं दूध आटत होतं. म्हणजे पहाटे उठून बाईसाहेबांनी वंदना केली, पंचशील म्हटलं, त्यातलं पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं, आणि डोळे उघडले तर समोर शेकडो जीव पाय हलवत मरायला टेकलेले. पुढे काय होणार हे मला कळायला हवं होतं.

मी हाक मारणार तेवढ्यात किनाराच उडाला. वाळूचा रंग वाटत होता ते सगळे पक्षी होते. विटकरी छातीचे, मुठीएवढे, हजारोंनी. एकदम उठले, वळले, पाण्यावरून गोल फिरले. काळ्या डोक्याच्या समुद्रपक्ष्यांनी खिदळल्यासारखा गलका केला. नवरा धडपडत बाहेर आला, दुर्बीण डोळ्याला लावून "कुठे? कुठे?" म्हणत राहिला. सगळं आकाश पक्ष्यांनी भरलं होतं आणि त्याला एक सापडत नव्हता.

मी दोरीपर्यंत पोचले तेव्हा दुसऱ्या बाजूने एक गोऱ्या आजीबाई झपाझप येत होत्या. टोपी, नारिंगी जाकीट, गळ्यात दुर्बीण. त्या पक्ष्यांची राखण करणाऱ्या स्वयंसेवक होत्या आणि संतापाने लाल झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, हे पक्षी खंड ओलांडून आलेत, अंगात हाडं आणि पिसंच उरलीत, एकेक घास त्यांना लागतो, आणि तुम्ही त्यांना खाता खाता उठवलंत. अगदी बरोबर बोलत होत्या. मी जमिनीत जाता येईल का हे बघत होते.

"काय म्हणते?" आईने विचारलं.

मी सांगितलं.

"तिला विचार, पक्षी खाऊन काय राहिलेत? ह्यांचीच अंडी ना? अंडी खाणाऱ्याला राखण, आणि जिने अंडी घातली ती उन्हात मरून राहिली, तिच्यासाठी काहून कोणी नाही?"

मी त्या बाईंकडे वळून म्हटलं, की आईला माहीत नव्हतं, तिला वाईट वाटतंय, सॉरी.

"सॉरी मी कधी म्हटलं?" आई गरजली. "बरोबर सांग."

आणि तेव्हा आमच्या कन्येने, जी कालपासून कोणाशी धड बोलली नव्हती, इअरफोन काढले आणि आजीचं म्हणणं इंग्रजीत जसंच्या तसं सांगून टाकलं. हातवाऱ्यांसकट. मी डोळे मिटून घेतले.

बाई मग हसल्या. प्रश्न रास्त आहे म्हणाल्या. पक्षी खातात ती वर उघडी पडलेली अंडी, ती तशीही वाळून जातात, खोल पुरलेली वाचतात. आणि आयांसाठी कोणी नाही असं नाही. संध्याकाळी पक्षी गेले की परवानगी घेतलेला एक गट किनाऱ्यावर उतरतो आणि उलटे पडलेले खेकडे सुलटे करतो. सकाळ पक्ष्यांची, संध्याकाळ खेकड्यांची. हवं तर तुम्हीही आमच्याबरोबर या, म्हणाल्या. मग त्यांनी सराट्याकडे बोट दाखवून विचारलं की हे अवजार कुठे मिळतं.

"अगं, सांगायचं ना की कल्चरल आहे," मागून नवरा म्हणाला. त्याला आत जायला सांगितलं.

दुपारी बाल्कनीत चहा घेताना मी विषय काढला. समुद्र समोर होता, वारा होता, चिलटं होती, पण तेवढं चालायचं. सरळ विचारायची हिंमत नव्हती म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवत बसले. एडिसनमध्ये आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांसाठी किती छान डे केअर आहे, व्हॅन घरी न्यायला येते, दोन मराठी मावशी आहेत, योगा असतो, अंताक्षरी असते.

"मी तिथे काय करू? अंताक्षरी?" आई म्हणाली. तिने सारी नोकरी नागपूरच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून केली, बराचसा काळ सर्जिकल वॉर्डात. अंताक्षरी हा शब्द ती असा उच्चारते की जणू तो एखादा रोग आहे.

"तिकडे तरी तू काय करतेस? घरात एकटी असतेस."

"विहारात जाते. बायका येतात. नळाला पाणी येतं त्याच्याकडे पाहावं लागतं. बरं, खीर लागली असेल बघ खाली," ती उठायला लागली.

मग मात्र माझा तोल गेला. इतके दिवस पालथ्या घड्यावर पाणी ओतून हात दुखायला आले होते. "आई, बस," मी म्हटलं. "तू बाथरूममध्ये सकाळभर पडून होतीस. मला माहीत आहे. काकूंनी सांगितलं मला."

तिचा चेहरा बदलला. "तिला म्हटलं होतं सांगू नको."

"म्हणजे तेही लपवायचं! तू एकटी तिथे फरशीवर पडलेली, दार आतून बंद, फोन स्वयंपाकघरात. मी इथे जर्सी सिटीत गाढ झोपलेली. तुला काही झालं असतं तर विमानात बसून मी काय केलं असतं? रडत आले असते फक्त. रोज सकाळी तू फोन उचलेपर्यंत माझा जीव मुठीत असायचा, माहीत आहे का तुला? तुला कोणी उचलायला नाही तिथे!" मी ओरडत होते. आत नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला, मग बहुतेक ते फार उघड वाटेल म्हणून पुन्हा वाढवला.

आई उठून आत गेली. खीर खरंच खाली लागली होती. ती आम्ही तशीच खाल्ली, करपट वासाची.

संध्याकाळी मला जायचं नव्हतं, पण आई नेसती पांढरी साडी नीट करून पायऱ्या उतरली, सराटा घेऊन, आणि तिच्यामागे मुलगी. मग काय करणार. नवरा दुर्बीण घेऊन आला. अंधारात दुर्बीण कशाला हे मी विचारलं नाही.

सूर्य मावळत होता आणि मागून, घरांवरून चंद्र वर येत होता. भरती चढत होती. आणि त्या पाण्यातून ते आले. आधी एक-दोन, मग पाण्याची कडच हलायला लागली. मोठ्या माद्या, त्यांच्या पाठीला चिकटलेले छोटे नर, बाजूने आणखी नर, एकमेकांवर आपटताना कवचांचा असा आवाज, की कोणी घासायची भांडी मोरीत ओतून राहिलंय. हा शेवटचा शब्दप्रयोग आईचा, आणि तो बरोबर होता. मी इतकी वैतागलेली होते तरी दोन मिनिटं बघत उभी राहिले.

सकाळच्या बाईंनी गटाला नियम सांगितले. शेपटीला धरून कधीही उचलायचं नाही. लोकांना वाटतं तो नांगीचा दांडा आहे, पण ती त्यांची काठी आहे. उलटे पडले की ते तोच दांडा वाळूत रोवून स्वतःला वळवायचा प्रयत्न करतात. तो तुटला तर पुढच्या वेळी वळताच येणार नाही. कवचाच्या कडेला धरून हळूच सुलटं करायचं.

"हे काय सांगायचं?" आई मला म्हणाली. दुपारनंतर माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य. "पेशंटला कुशीवर घेताना हात धरून ओढतं का कोणी? खांदा उतरेल. खांद्याला आणि कमरेला आधार द्यायचा, बाकी तो स्वतः वळतो."

ती आणि मुलगी पाण्याच्या कडेने पुढे गेल्या. मुलगी टॉर्च धरायची, आजी सराटा सरकवायची. मध्येच आई हात आडवा करून मुलीला थांबवायची. समोरचा एखादा खेकडा दांडा रोवून धडपडत असायचा, अर्धा वळलेला. त्या दोघी नुसत्या उभ्या राहून बघायच्या, आणि तो पुरता वळला की मुलगी "येस!" म्हणायची. मी मागून चालत होते आणि मनात शुक्रवारपर्यंतचे दिवस मोजत होते.

आणि ती पडली. लाट पायाखालची वाळू घेऊन गेली, आई मागे बसली आणि बसल्याबसल्या उताणी झाली. पांढरी साडी पाण्यात. मी काय ओरडले मला आठवत नाही. धावले, हात पुढे केले.

"हात नको लावू," ती म्हणाली.

"आई!"

"सांगून राहिली ना, हात नको लावू."

स्वयंसेवक बाईही धावत आल्या. माझ्या मुलीने दोन्ही हात पसरून त्यांना अडवलं. "शी सेज डोन्ट," ती म्हणाली. "प्लीज. शी सेज डोन्ट."

मग आम्ही सगळे तिथे उभे राहिलो. माझे हात तसेच पुढे. आई क्षणभर पडून राहिली, श्वास घेतला. एक गुडघा वाकवला. कुशीवर वळली. कोपर वाळूत रोवलं, त्यावर भार दिला, दुसरा हात पुढे टेकवला. ओणवी झाली. एक पाऊल उचलून पुढे ठेवलं, सराटा काठीसारखा वाळूत रोवला आणि उठून उभी राहिली. साडीतून पाणी गळत होतं. तिला काही झालं नव्हतं.

टॉवेल आणायला नवरा घराकडे धावला, मुलगीही त्याच्याबरोबर गेली. आई वाळूत बसली. मी तिच्या शेजारी बसले.

"अशीच उठली होती तेव्हा," ती म्हणाली. "लगेच उठता आलं असतं. वॉर्डात शेकडो म्हाताऱ्यांना शिकवलं मी, पडलं की कसं उठायचं."

"मग सकाळभर..."

"सकाळभर रडली मी." तिने पदर पिळला. "पडली तेव्हा तोंडातून तुझ्या बाबांना हाक गेली. दार उघडा म्हणून. आणि मग आठवलं. तोवर रडायला सवडच नव्हती झाली. माणसं, तेरवी, बँक, पेन्शन, मग तू रोज व्हिडिओ कॉलवर, मी तुला हसून दाखवायची. त्या दिवशी फरशीवर रडून घेतलं. जोराजोरात. कोणी ऐकणारं नव्हतं, बरं वाटलं."

मी तिच्या साडीला लागलेली वाळू झटकत राहिले.

"तुझ्या घरी मला काही कमी नाही," ती म्हणाली. "पण तिथे रडू कुठे? जावई हॉलमध्ये काम करतात, पोरगी माझ्याच खोलीत झोपते, बाथरूममध्ये गेलं तर तू दार वाजवते, आई बरी आहेस ना? सहा महिने झाले, मी नळ सोडून रडते. त्यात पाणी वाया जातं."

मी खरंच दार वाजवत होते. रोज. तिची काळजी घेते आहे असं मला वाटत होतं.

"अजून येतं?" मी विचारलं.

"आज तर पौर्णिमा. पौर्णिमेला ते खिरीत चारोळ्या जास्त घाला म्हणायचे." एवढं बोलून ती थांबली, कारण पायऱ्यांवरून टॉवेल घेतलेली माणसं उतरत होती. तिने डोळे पुसले आणि चेहरा नीट केला. मी ते पहिल्यांदाच बघितलं, ती चेहरा कसा नीट करते ते. मला स्वतःचा इतका राग आला होता की तो टॉवेल घेऊन आलेल्या नवऱ्यावर काढला. त्याने चुकून बीचचा टॉवेल आणला होता, वाळूने भरलेला.

रविवारी सकाळी मी चहा झाल्या झाल्या नवऱ्याला आणि मुलीला म्हटलं, चला, पक्षी बघायला जाऊ.

"आत्ता? इट्स सो अर्ली."

"मी अजून अंघोळ नाही केली," नवरा म्हणाला. "आणि आईंना नको का घ्यायला? एकट्या काय करतील इथे?"

"चिल कर," मी म्हटलं. त्याचंच वाक्य. त्याला ते आवडलं नाही. दोघांच्या चपला मी त्यांच्यापुढे आणून टाकल्या, दुर्बीण त्याच्या गळ्यात अडकवली, इअरफोन मुलीच्या हातात कोंबले आणि दोघांना जवळजवळ ढकलतच दाराबाहेर काढलं. आई स्वयंपाकघरात सराटा घासत होती. तिने वळून माझ्याकडे बघितलं.

"आम्ही तासाभराने येतो," मी म्हटलं. "आधी नाही येणार."

मी दार ओढून घेतलं आणि आतून कडी लागल्याचा आवाज ऐकला.

आम्ही लांब चालत गेलो, दोरीच्या अलीकडून. पक्षी वाळूत भराभर चोची मारत होते, एक क्षण वाया न घालवता. नवऱ्याला अखेर दुर्बिणीतून एक सापडला आणि तो इतका खूष झाला की आम्हा दोघींना आलटून पालटून तोच एक पक्षी दाखवत राहिला. मुलगी म्हणाली, तिला अजून एक तास थांबायचं आहे. मी म्हटलं, थांब. चिलटं चावत होती, ऊन चढत होतं, माझं डोकं दुखत होतं, आणि शुक्रवारचं तिकीट जिथल्या तिथे होतं. मी ते कॅन्सल केलं नाही. पुन्हा विचारलंही नाही.

परत आलो तेव्हा नवरा आणि मुलगी बोलत बोलत पायऱ्या चढायला लागली. मी त्यांना मागे ओढलं, स्वतः पुढे झाले, आणि प्रत्येक पायरीवर मुद्दाम जोरात पाय आपटत वर गेले.